लाभ, दोन, तीन

ते पाकीट फोडायला नीरजाला अडीच वर्षं उशीर झाला.

पाकीट साधंच होतं, खाकी. वर देवरे सरांच्या तिरप्या अक्षरात ‘गोपनीय’ आणि तोंडाला लाखेचा ठिपका. गिरणा विद्यापीठाच्या उपयोजित गणित विभागात हजेरीपासून रजेच्या अर्जापर्यंत सगळं पडद्यावर गेलं होतं. एवढी एकच गोष्ट विभागप्रमुखांनी कागदावर उतरवून कपाटात कुलूपबंद केली होती. त्या दिवशी सगळे किती हसले होते. नीरजाही हसली होती, आणि तेच आता तिला आठवायला नको वाटत होतं.

झालं असं, की त्या जूनमध्ये विभागात आकलनपट्ट्या आल्या.

विद्यार्थी काय शिकला हे मोजायचं कसं, हा विभागाचा जुना डोकेदुखीचा विषय. अभ्यासक्रमाच्या पाच ‘अध्ययन निष्पत्ती’ ठरलेल्या होत्या, म्हणजे चार वर्षांनी विद्यार्थ्याला नेमकं काय यायला हवं त्याची यादी. त्यातली तिसरी सगळ्यांत अवघड: प्रत्यक्ष परिस्थितीवरून गणिती प्रारूप उभं करता येणं. पूर्वी पेपर तपासून, टक्के काढून, तक्ते भरून ते सिद्ध करायचे. पण उत्तरं लिहून देणारी यंत्रं प्रत्येकाच्या खिशात आल्यापासून पेपरावरच्या उत्तराला काडीची किंमत उरली नव्हती. बरोबर उत्तर कुणाचं, हेच कळेना.

पट्टी उत्तर बघतच नसे. कपाळावरून कानशिलांकडे जाणारी बोटभर रुंद पट्टी आणि हनुवटीखाली चिकटवायचा रुपयाएवढा ठिपका. एखादी गोष्ट खरोखर समजते तेव्हा मेंदूत आधी एक लहानशी शांतता पसरते, आणि मग डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात, जिथे आपण आकार आणि जागा जोखतो तिथे, एकदम हालचाल वाढते. पाठ केलेलं आठवताना तसं होत नाही. तेव्हा बोलण्याचे भाग कामाला लागतात, आणि ओठ मिटलेले असले तरी घशाच्या स्नायूंत शब्दांच्या क्रमाने बारीक विजेच्या लहरी उठतात. पट्टी या दोन्हींचं गुणोत्तर काढून शून्य ते एकमधला आकडा देई. तो आकलनांक. सहा दशांशांच्या वर समजलं, खाली पाठांतर.

आता, समजणं कसं दिसतं हे यंत्राला आधी शिकवावं लागतं. त्यासाठी विभागातल्या सातही प्राध्यापकांनी पट्टी बांधून प्रत्येकी पाच प्रश्न सोडवायचे होते. एकूण पस्तीस आलेख. या जुळणीचं काम नीरजाकडे आलं, कारण संख्याशास्त्र तिचं आणि विभागात सगळ्यांत धाकटी तीच.

“नावं नकोत हं,” देवरे सर चहाचा कप बशीत आपटत म्हणाले. “क्रमांक द्या. एक ते सात चिठ्ठ्या टाकू. कुणाचा कुठला, ते मी पाकिटात बंद करतो. खुद्द तुम्हालाही कळायला नको.”

“का सर?”

“अहो, उद्या माझाच आकडा चार दशांश आला तर? कार्टी मला फळ्यापाशी उभं राहू देतील का?”

तेव्हा सगळे हसले.

पस्तीसपैकी तीस आलेख एकमेकांवर बसवावेत इतके सारखे निघाले. क्रमांक चारचे पाचही आलेख मात्र भलतीकडेच. सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या दुपटीहून लांब. असे तुटक आकडे वगळायचे, हा नियम नीरजा स्वतः दुसऱ्या वर्षाला शिकवत असे. कुणाची तरी पट्टी घसरली असेल, तिने मनाशी म्हटलं. संध्याकाळचे पाच वाजून गेले होते, पाळणाघर सहाला बंद होई, आणि रुंजी दारापाशी बूट घालून बसलेली असे. तिने क्रमांक चारवर बोट ठेवलं आणि ‘वगळा’ दाबलं.

उरलेल्या तीस आलेखांवरून यंत्र समजणं म्हणजे काय ते शिकलं.

*

हर्षाली बोरसे तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. पारोळ्याकडच्या एका गावची, उंच, किडकिडीत, केस तेल लावून घट्ट बांधलेले. वर्गात कधी हात वर करत नसे, पण फळ्याशी उभी केली की तिच्याकडे बघत राहावं. ती गणिताशी बोलायची. अगदी खरंच बोलायची, हलक्या आवाजात, आवडत्या पण हट्टी लेकरांशी बोलावं तशी.

नीरजाने एकदा कणगीचा प्रश्न घातला होता. गोल, उंच कणगीत वरून मधोमध धान्याची एकसारखी धार पडतेय. ढिगाची उंची वेळेनुसार कशी वाढेल? वर्ग समीकरणं चाळायला लागला. हर्षाली खडू घेऊन उभी राहिली आणि सुरू झाली.

“तू पड. पड तू. पसर आता. तू पसरतोस म्हणून वर जायला उशीर होतोय, हो ना? दमानं.” खडू खाली घनमुळाचं सूत्र मांडत होता. “आणि हा, लागलास भिंतीला! आता कुठं पळशील? आता पसरायला जागाच नाही. आता नुसता वर चढ.” तिथे तिने आडवी रेघ मारली आणि पुढचं सूत्र सरळ रेषेचं लिहिलं.

वर्ग खिदळला. नीरजाने खिदळू दिलं, कारण उत्तर अचूक होतं. तो भिंतीचा क्षण वर्गात दुसऱ्या कुणालाच दिसला नव्हता.

“हे बोलणं कुठून आलं गं?” तास संपल्यावर तिने विचारलं.

“माझे बाबा मापाडी होते मॅडम, बाजारात. पायलीनं धान्य मोजायचे.” हर्षाली खडूचे हात ओढणीला पुसत होती. “मोठ्यानं मोजायचं असतं ते. घेणाऱ्यालाही ऐकू गेलं पाहिजे आणि देणाऱ्यालाही. पहिल्या मापाला एक नाही म्हणत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. बाबा म्हणतात, मनात मोजणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवू नये.”

“आणि तू एक्सला काय म्हणतेस? लाभ?”

“त्याला मी ‘अरे’ म्हणते,” हर्षाली लाजून हसली. “लाभ म्हटलं तर चढून बसेल.”

*

दिवाळीआधी पट्टीवरची पहिली परीक्षा झाली. हर्षालीला निष्पत्ती तीनमध्ये एक्केचाळीस शतांश. शेजारी तांबड्या अक्षरांत: पाठांतर.

ती नीरजाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. आत यायला सांगितलं तरी उंबऱ्यातच.

“मॅडम, माझं उत्तर चुकलंय का?”

“नाही. उत्तर बरोबर आहे.”

“मग?”

“पट्टी उत्तर बघत नाही, हर्षाली. तू ते कसं मिळवलंस ते बघते.”

“मी कुठून पाठ करणार? प्रश्न तर तुम्ही त्याच दिवशी काढला होता.”

नीरजाच्या हातात एक गोष्ट होती: शिक्षकाचा शेरा. ‘यंत्राचा निष्कर्ष मला मान्य नाही’ एवढं लिहून सही केली की आकडा बाजूला पडे. पण शेरे पाच टक्क्यांवर गेले की अख्ख्या विभागाची जुळणी संशयास्पद ठरे आणि मूल्यांकन समिती चौकशीला येई. वर्गात अठ्ठावन्न मुलं. दोन शेरे आधीच वापरून झाले होते, एका मुलाची पट्टी घामाने सुटली होती, एकीला परीक्षेत फेफरं आलं होतं. तिसरा मारला की मर्यादा ओलांडली. आणि त्याच वर्षी विभाग शेजारच्या संगणक विभागात विलीन करायचं घाटत होतं.

ही सगळी कारणं खरी होती. पुढे नीरजाने ती कितीदा तरी स्वतःला सांगितली. पण त्या दुपारी पाळणाघरातून निरोप आला होता की रुंजीचं अंग तापलंय, या. तिला बॅग उचलून पळायचं होतं. शेरा लिहायचा म्हणजे तीन पानी अर्ज, सोबत पुरावे, तासाभराचं काम. एवढंच खरं कारण होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

“एप्रिलमध्ये पुन्हा संधी आहे ना,” ती पर्सची चेन ओढत म्हणाली. “परीक्षेत तेवढं पुटपुटू नकोस बरं का. गळ्याची हालचाल टिपते ती पट्टी. मनात कर.”

“मनात?”

“हो. सराव कर, जमेल. हुशार आहेस तू.”

हर्षालीने मान डोलावली. मॅडमनी सांगितलं म्हणजे करायचं, एवढं तिला माहीत होतं.

सहा महिने तिने सराव केला. वसतिगृहातल्या मुली सांगत, की ती ओठांना चिकटपट्टी लावून बसते, जीभ दातांत धरून गणितं करते. एप्रिलमध्ये प्रश्न धरणाच्या गाळाचा होता, पण जात तीच, कणगीची. तिचा आकलनांक आला अठ्ठावन्न शतांश. एक्केचाळीसवरून अठ्ठावन्न. पट्टीच्या मते प्रगती उत्तम, फक्त दोन शतांश कमी.

उत्तर मात्र निम्मंच होतं. गाळ काठाला लागल्यावर सूत्र बदलायला हवं होतं. ते बदललं नव्हतं. भिंत आली होती आणि गाळाला कुणी तसं सांगितलंच नव्हतं.

नीरजाला ते दिसलं. उत्तरपत्रिकेवर तिची पेन्सिल त्या जागी थांबलीही. आकडा वाढतो आणि उत्तर बिघडतं, हे कसं? पण उत्तरं आता जमेस धरत नसत, आणि खाली चौदा पत्रिका राहिल्या होत्या.

दोनदा साठच्या खाली म्हणजे पदवीतून पदविकेत रवानगी. हर्षालीने पदविका घेतली नाही. वसतिगृहाची खोली सोडताना भेटायलाही आली नाही. नीरजाच्या टेबलावर ग्रंथालयाचं एक पुस्तक ठेवून गेली, मॅडमच्या कार्डावर घेतलेलं, वेळेत परत.

*

पावणेदोन वर्षं गेली. रुंजी पाच वर्षांची झाली. विभाग टिकला, विलीनीकरण टळलं, नीरजा सहयोगी प्राध्यापक झाली.

नाताळच्या सुट्टीत तिने जुन्या पट्ट्या तपासायला घरी आणल्या होत्या. ओट्याशी वाटाणे सोलणं चाललं होतं. रुंजी दाणे मोजत होती, मोठमोठ्याने, मध्येच सातावरून नवावर उडी मारत.

“मनात मोज गं, राणी,” नीरजा सवयीने म्हणाली.

“मनात मोजलं तर दाण्यांना कसं कळणार?”

नीरजाने हसून तिचा गालगुच्चा घेतला.

“आई, हा मुकुट आहे?” रुंजीने एक पट्टी उचलली होती. “तू राणी हो. घाल ना. घाल!”

तिने पट्टी बांधली. हनुवटीखाली रुंजीने ठिपका चिकटवला, आणि दोन चुंबनंही. पडद्यावर तपासणीचा प्रश्न उमटला, दोन टाक्यांमधून वाहणाऱ्या पाण्याचा. वाटाणे सोलता सोलता नीरजाने तो सोडवून टाकला. मिनिटभरही लागलं नाही.

पडद्यावर आलं: अडतीस शतांश. तांबडं.

“तांबडं म्हणजे चूक! आई नापास! आई नापास!” रुंजी ओट्याभोवती नाचायला लागली.

पट्टी बिघडली असेल म्हणून नीरजाने दुसरी लावली. छत्तीस. तिसरी. चाळीस. उत्तरं तिन्ही वेळा बरोबर.

“रुंजे, जरा थांब. मी गणित करताना काय करते गं? बघशील?”

रुंजी ओट्यावर कोपरं टेकून तिच्या तोंडाकडे टक लावून बसली. नीरजाने चौथा प्रश्न घेतला.

“तू आजीसारखं बोलतेस,” रुंजी म्हणाली.

“मी? बोलत नाहीये मी.”

“बोलतेस की. हळू. ‘हाई तठे ली जाऊ, मंग काय ऱ्हायनं?’ असं.”

हे तिकडे नेऊ, मग काय उरलं. सटाण्याच्या घरात तिची आई अहिराणीतच बोलायची, चुलीपुढचा पसारा असाच स्वतःशी बोलत आवरायची. नीरजा ती बोली शाळेतच मागे टाकून आली होती, निदान तिची तशी समजूत होती. तीस वर्षं ती गणित त्या बोलीत करत होती, आणि तिला वाटत होतं की आपण गप्प आहोत.

पाचव्या प्रश्नाला तिने जीभ दातांत घट्ट धरली. आकडा आला बासष्ट. हिरवा. उत्तर चुकलं होतं.

वाटाण्याचा एक दाणा ओट्यावरून घरंगळत खाली गेला. नीरजाने तो उचलला नाही.

सोमवारी तिने देवरे सरांकडे ते पाकीट मागितलं. सर निवृत्तीला आले होते; किल्ली शोधत कुरकुरले, “आता कशाला उकरता बाई ते?” लाख फुटली. आत वहीचं पान, सात ओळी. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: खैरनार नीरजा.

तिने वगळलेली ती स्वतःच होती.

“सर, समजण्याच्या दोन तऱ्हा आहेत. काही जण बघून समजतात, काही बोलून. पट्टीला आपण एकच तऱ्हा शिकवली. दुसरी आपल्या सातांत एकाच माणसाकडे होती आणि तिचे आलेख मी काढून टाकले.”

देवरे सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “माझ्यामुळे,” ते म्हणाले. “नावं असती तर तुम्ही विचारलं असतंत, हा आलेख असा का.”

“विचारलं असतं की नाही, कुणास ठाऊक,” नीरजा म्हणाली. “मला घाई होती.”

*

समितीने तीन महिने घेतले, पण शेवटी मानलं. नव्या जुळणीत क्रमांक चारचे आलेख परत आले, आणि जुने निकाल त्यातून पुन्हा काढल्यावर नऊ मुलं पाठांतरातून आकलनात आली. हर्षाली बोरसे, पहिला प्रयत्न: ब्याण्णव शतांश. विभागातला आजवरचा सर्वोच्च आकडा. पुनःप्रवेशाची पत्रं टपालाने जाणार होती. नववं, हर्षालीचं, नीरजाने मागून घेतलं.

विनाचालक बसने तिला फाट्यावर सोडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बोरशांचं घर विचारत गेली. अंगणात ताडपत्रीवर दादर ज्वारीची रास होती आणि एक म्हातारा मांडी घालून पितळी पायलीने ती डब्यांत भरत होता. गावात कधीचे डिजिटल काटे आले होते. घरची ज्वारी मात्र तो अजून अशीच मोजत होता. त्याचा आवाज गल्लीपर्यंत येत होता. लाभ... दोन... तीन...

“तुम्ही खैरनार मॅडम ना?” नाव सांगायच्या आधीच तो म्हणाला. “पोरगी लई सांगायची तुमचं. बसा, बसा. ड्यूटीवरून येईलच.”

हर्षाली उपसा सिंचनाच्या केंद्रात कामाला होती. कुठल्या शेतात किती पाणी सोडायचं ते यंत्रच ठरवी. ती पडद्यावर लक्ष ठेवी. सायकल भिंतीला लावून ती आत आली, मॅडमना बघून थबकली, वाकून नमस्कार केला. केस तसेच घट्ट बांधलेले. नीरजाने पत्र दिलं. तिने उभ्यानेच वाचलं. मिटलेले ओठ जरासुद्धा हलले नाहीत.

“चूक आमची होती,” नीरजा म्हणाली. “माझी. तेव्हा मला कळायला हवं होतं. तू जूनपासून ये. वसतिगृहाचं मी बोलून ठेवलंय.”

हर्षालीने पत्र घडीवर घडी घालून बारीक केलं.

“मॅडम, आता येत नाही मला.”

“असं कसं? ब्याण्णव...”

“ते आधीचं.” ती शांतपणे सांगत होती, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तशी. “तुम्ही म्हणालात मनात कर. मी खूप सराव केला. मग ते मनातही बंद झालं. पहिले नुसता गळा गप्प झाला होता. मग सगळेच गप्प झाले. एक्स, वाय, सगळे. आता बघितलं तर नुसती अक्षरं दिसतात. मला वाटलं होतं घरी आल्यावर परत येईल.”

“कणगीचा प्रश्न आठवतो?” नीरजाने पर्समधून पेन काढलं. पत्राच्या पाकिटाची पाठ कोरी होती. “एकदा करून बघ. मोठ्याने कर. इथे पट्टी नाही, काही नाही.”

हर्षालीने पेन घेतलं. पायरीवर बसली. कणगी काढली, धार काढली, ढीग काढला. घनमुळाचं सूत्र मांडलं. नीरजा तिच्या ओठांकडे बघत होती. अरे म्हण. पड म्हण. भिंतीला लागलास म्हण गं, एकदा.

पेन भिंतीपर्यंत आलं आणि तेच सूत्र घेऊन भिंतीतून पलीकडे गेलं.

“चुकलं ना?” हर्षालीने विचारलं.

नीरजाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. रुंजीला ताप आला की ठेवायची तसा.

“मॅडमना थोडी दादर दे गं बांधून,” बाप आतून चहाचं आधण बघत म्हणाला. “भाकरीला गोड लागते. त्यांच्या लेकीला आवडंल.”

“नको हो, कशाला...”

“घ्या मॅडम. घरची आहे.”

हर्षाली राशीपाशी बसली. पिशवीचं तोंड एका हाताने उघडं धरून तिने पायली राशीत खुपसली, वरून हात फिरवून सपाट केली, पिशवीत ओतली. पुन्हा भरली, सपाट केली, ओतली. ज्वारी पडल्याची सळसळ तेवढी होत होती. अंगणात दुसरा आवाज नव्हता. नीरजाने पहिल्या मापापासून मोजायचं ठरवलं होतं, पण तिची नजर पोरीच्या चेहऱ्यावरून हलली नाही आणि आकडा सुटला.

“किती झाली गं?” आतून बापाने विचारलं.

उत्तर आलं नाही. म्हातारा दारात आला.

हर्षालीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि हाताची तीन बोटं दाखवली.